दोन तारांची वजाबाकी

गणेशोत्सवात कोपरगावात ऑर्केस्ट्रा ठेवला की बास गिटारचा अ‍ॅम्प मंचावर असतो आणि मिक्सर पार प्रेक्षकांच्या मागे. मधल्या लांबलचक केबलच्या शेजारून रोषणाईच्या माळा जातात, डिमर असतात, जनरेटरच्या वायरी असतात. एवढ्या गर्दीतून जाऊनही बास पलीकडे स्वच्छ ऐकू येतो, हे नवलच आहे.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बासच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट ठेवलं की वाजणारा ‘जी’ ४९ हर्ट्झचा! विजेची घरघर नेमकी बासच्या सुरांत येऊन बसते. इक्वलायझरने ती कापायला जावं तर सूरही कापला जातो. म्हणून ती आत शिरूच द्यायची नाही.

त्यासाठी अ‍ॅम्पच्या मागे तीन पिनांचा एक्सएलआर सॉकेट असतो. पिन १ शील्डची, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या जाळीची, पिन २ वर सिग्नल, पिन ३ वर तोच सिग्नल उलटा. समजा एका तारेत +१ आहे, दुसरीत −१. वाटेत दोघींनाही सारखाच ०.१ एवढा गोंगाट चिकटला: +१.१ आणि −०.९. मिक्सर पहिल्यातून दुसरा वजा करतो. उत्तर २. गोंगाट शून्य! गोंगाट दोन्ही तारांना सारखाच चिकटावा म्हणून टेलिफोनच्या तारांची जोडी पिळण्याचं पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्येच घेतलं होतं.

याहून मोठी गंमत म्हणजे काही अ‍ॅम्पच्या पिन ३ वर सिग्नल नसतोच, फक्त एक रेझिस्टर असतो. तरीही घरघर जाते. कारण गोंगाट दोन्ही तारांत सारखा चिकटायला हवा, आणि त्यासाठी दोन्हींचा इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, सारखा असला की पुरतं. तो जुळला नाही, तर वजाबाकी अपुरी राहते.

मग असं दोन तारांचं, म्हणजे बॅलन्स्ड, आउटपुट असूनही कधी कधी घूंऽऽ का येतं? अ‍ॅम्पचा प्लग एका अर्थिंगवर, मिक्सरचा दुसऱ्यावर. दोन्हींत थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला, तरी केबलच्या शील्डमधून करंट वाहू लागतो. पिन १ धातूच्या पेटीला जोडण्याऐवजी आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली असेल, तर तो करंट सिग्नलमध्ये मिसळतो. ध्वनितज्ज्ञ नील मन्सी यांनी १९९५ मध्ये या दोषाला ‘पिन १ प्रॉब्लेम’ असं नाव दिलं.

उपाय बहुतेकदा अ‍ॅम्पवरच असतो: ग्राउंड लिफ्टचं बटण. ते दाबलं की पिन १ चा दुवा तुटतो आणि करंटची वाट बंद होते. अ‍ॅम्पचं अर्थिंग मात्र शाबूत राहतं. बटण नसेल, तर दोन्ही ग्राउंड वेगळे ठेवणारी ट्रान्सफॉर्मरची छोटी पेटी, म्हणजे डीआय बॉक्स, मधे लावा.

घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. हातातल्या गिटारच्या तारा त्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला, तर वाजवणाऱ्याचा जीव तिच्यामुळेच वाचतो.