गवा, गिड्डा आणि गळालेली अकरा अक्षरं

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात कुंभारवाड्याहून अणशीकडे निघालं की दिवस कलता कलता रस्त्याकडेला गवा दिसतो. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात त्याचं राज्य आहे. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन हजार किलोच्या घरात जातं. त्याच जंगलाच्या कडेला कुणब्यांच्या गोठ्यात मलनाड गिड्डा गाय बांधलेली असते. तिची उंची जेमतेम मीटरभर, वजन शंभर-सव्वाशे किलो आणि दूध लिटर-दोन लिटर.

बेल्जियन ब्ल्यू या युरोपातल्या गुरांची छायाचित्रं आता सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतात. मांड्या फुगलेल्या, पाठीवर मधोमध घळ पडलेली, कातडीखाली स्नायूचा प्रत्येक पट्टा वेगळा दिसणारा. ती पाहिली की वाटतं, हा आपल्या गव्याचाच भाऊ. पण या दोघांच्या अंगापिंडात मुळापासून फरक आहे.

गव्याच्या पाठीवरचा उंचवटा उभा राहतो तो हाडांच्या आधारावर. त्याच्या छातीच्या मणक्यांतून लांब काटे वर आलेले असतात आणि त्यांना धरून स्नायू चढतात. असं शरीर हजारो पिढ्यांत, पुष्कळ जनुकांच्या बारीकसारीक बदलांतून घडतं. पाळीव गुरांची उंची किती जनुकांवर ठरते, हे 2018 मध्ये अठ्ठावन्न हजारांहून अधिक गुरांच्या अभ्यासातून पुढे आलं. तिच्याशी जोडलेल्या तब्बल 163 जागा सापडल्या, आणि तरीही उंचीतल्या फरकाचा थोडाच भाग त्यांतून उलगडला. गिड्ड्याचा ठेंगणेपणाही एखाद्याच जनुकाच्या खात्यावर टाकता येणार नाही.

बेल्जियन ब्ल्यूची कथा मात्र एकाच जनुकाची आहे. असली गुरं अधूनमधून जन्मतात, हे इंग्लंडमधल्या जॉर्ज कली या पशुपालकाने 1807 मध्येच लिहून ठेवलं होतं. हा गुण एकाच जनुकाचा आणि अप्रभावी आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच पुरता दिसतो, हे 1985 मध्ये बेल्जियमच्या हान्से आणि मिशो यांनी दाखवलं. जनुक कोणतं, हे कळायला 1997 उजाडलं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात से-जिन ली आणि अलेक्झांड्रा मॅकफेरॉन यांनी उंदरातलं एक जनुक बंद केलं, तेव्हा त्या उंदरांचे स्नायू दुप्पट-तिप्पट वजनाचे झाले. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला त्यांनी मायोस्टॅटिन हे नाव दिलं. त्याच वर्षी बेल्जियम, न्यूझीलंड आणि अमेरिकेतल्या गटांनी गुरांतही तेच जनुक बिघडलेलं असल्याचं सिद्ध केलं.

मायोस्टॅटिन ही स्नायूंची वेसण. स्नायूच स्वतः हे प्रथिन तयार करतात आणि त्यानेच आपली वाढ रोखून धरतात. वासरू पोटात असताना स्नायूचे तंतू किती व्हावेत, हेही बरंचसं तेच ठरवतं. जनुकातला मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचला जातो. बेल्जियन ब्ल्यूमध्ये त्यातली अकरा अक्षरं गळालेली आहेत. बारा किंवा नऊ गळाली असती, तर प्रथिनाच्या साखळीतले काही दुवे कमी होऊन पुढचं वाचन जागेवर राहिलं असतं. अकराला तीनने भाग जात नाही, म्हणून तिथून पुढचा प्रत्येक गट सरकतो, थोड्याच अंतरावर अवेळी ‘थांबा’ची खूण येते आणि प्रथिनाचा कामाचा भाग तयारच होत नाही. इटलीच्या पिएदमोंतेझे जातीत तर अक्षर एकच बदललं आहे. पण त्यामुळे प्रथिनाची घडी बांधून ठेवणारं एक सिस्टीन हरवतं आणि परिणाम जवळजवळ तोच होतो.

स्नायू वीसेक टक्क्यांनी वाढतात, चरबी घटते, मांस मऊ राहतं. मांसाच्या बाजारात याला भाव आहे. किंमत मोजते ती गाय. वासरू अंगाने मोठं आणि आईचा जननमार्ग अरुंद, त्यामुळे गाय अडते. बेल्जियन ब्ल्यूच्या बहुसंख्य गायी सिझेरियननेच वितात. गाय उभी असतानाच डाव्या कुशीत भुलीचं इंजेक्शन देतात, चीर घेऊन वासरू बाहेर काढतात आणि टाके घालतात. तिकडचे पशुवैद्य हे काम नेमाने करतात. काही वासरांची जीभ इतकी जाड असते की त्यांना आचळ नीट धरता येत नाही. शरीराच्या मानाने फुप्फुसं आणि यकृत लहान राहतात. झटकन जोर लावणारे पण लवकर थकणारे तंतू जास्त असल्याने उन्हात आणि चढावर ही जनावरं धापा टाकतात. जन्मतःच वैद्याच्या हाताची गरज असलेली जात माणसाने मुद्दाम वाढवावी, हे मला पटत नाही.

आता हा बदल घडवायला वळूही लागत नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेलोर गुरांत मायोस्टॅटिनचं जनुक थेट कापून बदललं. नेलोर म्हणजे आंध्रातून ब्राझीलला गेलेल्या ओंगोल गुरांचा वंश. 2025 मध्ये काश्मीरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाने याच जनुकात बदल केलेलं मेंढीचं कोकरू जाहीर केलं. स्नायू सुमारे तीस टक्क्यांनी वाढतील, असं सांगितलं गेलं. ते कोकरू पुढे किती चालतं, आणि अशा मेंढ्या आपल्या आपण वितात का, याची नोंदही तितक्याच ठळकपणे लोकांपुढे यायला हवी.

जोयड्यात मांसासाठी गाय पाळण्याचा प्रश्नच नाही; राज्याच्या 2020 च्या कायद्याने गोहत्येला बंदी आहे. इथल्या गायीने मृगापासून धो धो पावसात डोंगर चढायचा, रानातलं मिळेल ते खायचं, वाघाचा वास आला की पळायचं आणि गाव दूर असलं तरी एकटीने वासरू द्यायचं. गिड्डा हे सगळं करते, कारण तिची वेसण शाबूत आहे आणि तिच्या लहान देहाला पुरेल इतकंच ती मागते. तिच्यासाठी प्रयोगशाळेत नवं काही घडवण्याची घाई नाही. गावागावांत गिड्ड्याचे निवडक वळू राखले गेले आणि कोणती गाय कोणत्या वळूला दाखवली याची वही ठेवली, तरी पुष्कळ काम होईल.