जुन्या गाडीला तिच्या काळाचा टायर कसा ओळखायचा आणि कुठे शोधायचा?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा आकडे डोळ्यांसमोर दिसल्याशिवाय डोक्यात शिरत नाहीत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मध्येमध्ये केलेली हिशोबाची बडबड इथे नीट मांडली आहे, बाकी फारसं काही बदललेलं नाही.

आजचा विषय साधारण असा आहे: घरी आजोबांची फियाट ११०० आहे. इंजिन उघडून झालं, रंग झाला, सीटा शिवून झाल्या. आता टायर घ्यायचेत आणि मालकाचा हट्ट आहे की टायर ओरिजिनलच हवा. हट्ट चांगला आहे. फक्त या ‘ओरिजिनल’ शब्दाचे तीन अर्थ होतात आणि त्यातला एक अर्थ जीवावर बेतू शकतो.

ओरिजिनल म्हणजे नक्की काय?

पहिला अर्थ: कारखान्यातून गाडीबरोबर आलेला तोच टायर. दुसरा: त्या काळात बनलेला, पण न वापरता गोदामात पडून राहिलेला. तिसरा: त्या काळचं माप, त्या काळची बांधणी आणि नक्षी, पण तयार झालेला आत्ताचा.

रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी फक्त तिसरा अर्थ धरायचा. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि ऊन त्याला कडक करतात. आतल्या धाग्यांना धरून ठेवणारं रबर सुटायला लागतं आणि ते बाहेरून दिसेलच असं नाही. मिशलँसारखी कंपनी स्वतः सांगते की पाच वर्षं वापर झाल्यावर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षांनी, नक्षी शिल्लक असली तरी, बदला. ब्रिटनने २०२१ पासून ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांपेक्षा जुने टायर वापरायला बंदी केली. तेव्हा कुणी ‘१९६८ चा कोरा पीस आहे साहेब, चाकाला लागलेलाच नाही’ असं सांगत असेल, तर तो टायर काचेच्या कपाटात शोभेल, चाकावर नाही.

थोडक्यात, टायर त्या काळासारखा हवा, त्या काळातला नको. बाकी सगळा भाग हा ‘त्या काळासारखा’ म्हणजे कसा, ते ठरवण्याचा आहे.

आकडे वाचायला शिका

टायरच्या बाजूवर लिहिलेलं माप म्हणजे एक डेटा फॉरमॅट आहे आणि तो गेल्या शंभर वर्षांत बऱ्याचदा बदललाय. फॉरमॅट ओळखला की जमाना ओळखता येतो.

सर्वात जुना फॉरमॅट फोर्ड मॉडेल टीवर दिसतो: ३० × ३½. इथे ३० म्हणजे टायरचा बाहेरचा व्यास आणि ३½ म्हणजे जाडी, दोन्ही इंचात. रिम किती? तीसमधून दोन वेळा साडेतीन वजा करा, २३ इंच. पुढच्या चाकाला ३० × ३ होता, म्हणजे रिम २४ इंच. होय, एकाच गाडीला पुढे-मागे वेगळं रिम!

१९२० च्या दशकात कमी हवेचे ‘बलून’ टायर आले आणि आकड्यांचा क्रम उलटा झाला. आता आधी रुंदी आणि मग थेट रिमचा व्यास. फोर्ड मॉडेल ए १९२८-२९ मध्ये ४.५०-२१ वर यायची आणि १९३०-३१ मध्ये ४.७५-१९ वर. मॉडेल तेच, पण दोन वर्षांत टायर बदलला. म्हणून नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही, साल लागतंच.

आपल्याकडच्या गाड्या याच फॉरमॅटमधल्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११००, म्हणजे पुढची पद्मिनी: ५.२०-१४. अँबॅसॅडर: ५.९०-१५. जुनी जीप: ६.००-१६. बीटल: ५.६०-१५.

यानंतर रेडियल आले आणि रुंदी मिलिमीटरमध्ये गेली, पण रिम इंचातच राहिलं: १६५ एसआर १५. मधलं ‘एस’ हे वेगमर्यादेचं अक्षर, ‘आर’ म्हणजे रेडियल. इथे उंचीची टक्केवारी लिहिलेली नाही, तेव्हा ती साधारण ८० ते ८२ समजायची. १६५/८० आर १४ असं तिरक्या रेघेचं लिखाण त्यानंतरचं.

नायलॉन की रेडियल?

आपले पंक्चरवाले ज्याला ‘नायलॉन टायर’ म्हणतात तो क्रॉसप्लाय. त्यात धाग्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदत जातात. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वर नक्षीखाली पट्टा असतो. टायरवर ‘रेडियल’ लिहिलेलं नसेल आणि मापात ‘आर’ नसेल, तर बहुतेक वेळा तो नायलॉन असतो.

मिशलँने रेडियलचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं आणि ‘मिशलँ एक्स’ १९४९ मध्ये बाजारात आणला. पण जग काही एका रात्रीत बदललं नाही. जॅग्वार ई-टाइप १९६१ मध्ये आली ती डनलॉप आरएस५ या ६.४०-१५ मापाच्या क्रॉसप्लायवर. पुढे त्याच गाडीला डनलॉप एसपी४१ हे १८५-१५ मापाचे रेडियल येऊ लागले. म्हणजे दोन्ही बरोबर, पण आपापल्या सालाला. भारतात गाड्यांच्या रेडियलची सुरुवात सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे झाली. त्यामुळे पन्नाशीतल्या ‘डुक्कर फियाट’वर रेडियल दिसला की ती सोय आहे, इतिहास नाही.

सोय करायला माझी अजिबात हरकत नाही. एकच अट: चारही चाकांना (आणि स्टेपनीलाही) एकच जात. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन हे सर्वात वाईट. पुढची पकड जास्त, मागची कमी, आणि वळणावर गाडीचं बूड सुटतं. ब्रिटनमध्ये असं मिश्रण कायद्यानेच बंद आहे.

कंपनीचं नाव पण खोटं बोलू शकतं

डनलॉपचा कारखाना बंगालमध्ये साहागंजला १९३६ मध्ये सुरू झाला. सिएट भारतात १९५८ मध्ये आली. एमआरएफने १९४६ मध्ये मद्रासला फुगे बनवण्यापासून सुरुवात केली, टायर साठच्या दशकाच्या सुरुवातीला. अपोलो आणि जेके यांचे कारखाने सत्तरच्या दशकातले. आता १९५६ ची गाडी एमआरएफवर उभी करून तुम्ही ‘शंभर टक्के पीरियड करेक्ट’ म्हणालात, तर जाणकार परीक्षक हसणारच. डनलॉप चालेल.

पांढऱ्या पट्ट्याचंही तसंच. अमेरिकन गाड्यांवर रुंद पांढरा पट्टा १९६१ पर्यंतची फॅशन, १९६२ पासून तो एकदम अरुंद झाला. १९६४ च्या इम्पालावर चार बोटं रुंद पट्टा छान दिसतो, पण तो तिच्या सालाचा नाही.

जन्मतारीख: एक छोटा वायटूके

टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणारी ओळ शोधा आणि तिच्या शेवटचे आकडे बघा. २००० पासून ते चार असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. त्याआधी तीनच होते: २३८ म्हणजे तेविसावा आठवडा, आणि साल ८ ने संपणारं. १९७८, १९८८ की १९९८? कोड सांगत नाही. सालासाठी एकच आकडा ठेवला की काय होतं, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना नव्याने सांगायला नको. नव्वदच्या दशकातल्या काही टायरवर शेजारी छोटा त्रिकोण असतो, तेवढाच आधार. अमेरिकेत हा कोड १९७१ पासून लागू झाला, त्याआधीच्या टायरवर तो सापडणार नाही.

व्यवहाराचा नियम सोपा आहे: तीन आकडे दिसले, किंवा आकडेच नाहीत, तर तो टायर रस्त्यावर न्यायचा नाही. हा कोड बऱ्याचदा एकाच बाजूला पूर्ण असतो, म्हणून आतली बाजूही टॉर्च मारून बघा. आणि रिमोल्ड केलेल्या टायरची नक्षी नवी असते पण सांगाडा जुनाच, त्यामुळे नक्षीवर विश्वास ठेवू नका.

शोधायचं कुठे?

आधी माहिती, मग टायर. गाडीचं हँडबुक, पार्ट्स कॅटलॉग, त्या वर्षातल्या जाहिराती आणि घरातले जुने फोटो. लग्नाच्या अल्बममध्ये सजवलेल्या गाडीचा फोटो असतो, त्यात टायरची बाजू अनेकदा स्पष्ट दिसते. आणि डिकी उघडा. चार चाकांचे टायर दहा वेळा बदलले जातात, स्टेपनीचा मात्र वर्षानुवर्षं तसाच राहतो. कंपनी, माप, नक्षी सगळं तिथे मिळू शकतं. फोटो काढा, जपून ठेवा, वापरू नका.

चोर बाजार, कुर्ल्याचा भंगार बाजार, पुण्याचा जुना बाजार इथे रिम, व्हील कॅप जरूर शोधा. टायर मात्र तिथून फक्त नमुन्यासाठी.

नवे बनवलेले जुन्या पद्धतीचे टायर परदेशात मिळतात. अमेरिकेत टेनेसीमधलं कोकर टायर आणि ब्रिटनमधलं लाँगस्टोन ही त्यातली ओळखीची नावं. मिशलँ आणि पिरेली स्वतःही जुने नमुने नव्याने काढतात. पण भारतात मागवताना लक्षात ठेवा: जून २०२० मध्ये केंद्र सरकारने गाड्यांच्या नव्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून प्रतिबंधित यादीत टाकली. पैसे भरण्याआधी परवान्याचा आजचा नियम कस्टम एजंटकडून समजून घ्या.

जीपवाल्यांसाठी एक खास सूचना. ६.००-१६ हे माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही येतं आणि तो टायर गावोगावी मिळतो. आकडे जुळतात, टायर जुळत नाही. तीन उभ्या रेघांचा तो टायर शेतातल्या वेगासाठी बनलेला असतो. जीपला लावून हायवेवर जाऊ नका.

माप मिळालंच नाही तर?

मग गणित. फियाटचा ५.२०-१४ घ्या. ५.२० इंच म्हणजे १३२ मिमी. जुन्या टायरची उंची रुंदीच्या साधारण ९० ते ९५ टक्के. दोन्ही बाजूंची उंची आणि १४ इंच रिमचे ३५६ मिमी धरले की व्यास ५९४ ते ६०७ मिमी येतो.

• १५५/८० आर १४: ६०४ मिमी. उत्तम.
• १६५/८० आर १४: ६२० मिमी. दोन ते चार टक्के मोठा, म्हणजे काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६२ च्या आसपास असेल. चालण्यासारखा.
• १८५/६० आर १४: ५७८ मिमी. व्यास लहान, रुंदी भलतीच जास्त. जुन्या अरुंद रिमवर नीट बसत नाही, स्टिअरिंग जड होतं आणि गाडी दिसतेही विचित्र.

व्यास जुळला की रिमची रुंदी मोजा आणि टायर कंपनीच्या तक्त्यात ती बसते का बघा. मग लोड बघा. आणि जुन्या रिमला ट्यूबलेस टायर धरून ठेवणारा उंचवटा बहुधा नसतो, त्यामुळे योग्य मापाची ट्यूब घाला. टायरच्या आत चिकटवलेली कागदी लेबलं आधी काढा, ती ट्यूब घासून पंक्चर करतात.

तर क्रम असा ठेवा: साल, माप, बांधणी, कंपनी, नक्षी. आणि या सगळ्याच्या वर जन्मतारीख. प्रदर्शनात कंपनीच्या नावाचे दोन गुण गेले तर पुढच्या वर्षी भरून काढता येतात. आजोबांच्या गाडीत घरचे बसणार असतील, तर पहिला प्रश्न टायर किती जुना दिसतो हा नाही, तो किती नवा आहे हा.

तुमच्या डिकीतल्या स्टेपनीवर काय लिहिलंय, ते कमेंटमध्ये नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!