गाठी मोजायच्या कशा?

एक कोडे घालतो. नवी मुंबईतील कामोठ्यात राहणाऱ्या एका गृहस्थांच्या मेंदूत अर्बुद, म्हणजे गाठ, झाली. शस्त्रक्रिया परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाली. मग हा रुग्ण मुंबईच्या हिशेबात धरायचा काय?

नाही! रुग्णालय कोठे आहे हे येथे गौण. रुग्ण राहतो कोठे, हे महत्त्वाचे. कामोठे खाडीपलीकडे, रायगड जिल्ह्यात. मुंबईची कर्करोग नोंदवही मात्र बृहन्मुंबईच्या रहिवाशांची. इंडियन कॅन्सर सोसायटीने ती १९६३ साली सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली अशी ती भारतातील पहिलीच. एवढी काटेकोरी कशासाठी? रुग्णांच्या संख्येला लोकसंख्येने भागायचे असते. भाज्य एका गावचा आणि भाजक दुसऱ्या गावचा असेल, तर त्या भागाकाराला अर्थ काय?

२०२२ साली जगात मेंदू व मज्जासंस्थेच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख २० हजार नवे रुग्ण झाले, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. दर लाख वस्तीमागे उत्तर युरोपातील प्रमाण भारताच्या दुपटीहून अधिक भरते. मग आपले मेंदू जास्त सुरक्षित समजायचे का? थांबा, आधी एक गणित करा.

प्रत्येकी एक लाख वस्तीची दोन गावे घ्या. दोन्हीकडे तरुणांत लाखामागे १ आणि वृद्धांत लाखामागे १० रुग्ण, असे धरू. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी.) पहिल्या गावात ९० हजार तरुण व १० हजार वृद्ध, रुग्ण ०.९ + १ = १.९. दुसऱ्या गावात ६० हजार तरुण व ४० हजार वृद्ध, रुग्ण ०.६ + ४ = ४.६. अपूर्णांकातला रुग्ण पाहून हसू नका, ही सरासरी आहे! धोका दोन्हीकडे अगदी सारखा, तरी आकडा दुपटीहून मोठा. म्हणून सर्व देशांना एकच प्रमाण वयोरचना लावून दर काढतात. जपानचे सेगी यांनी १९६० मध्ये अशी रचना सुचवली होती.

तरीही फरक उरतो. मेंदू कवटीत बंद; गाठ हाताला लागत नाही. सीटी स्कॅन यंत्राने रुग्णाच्या मेंदूचे पहिले चित्र घेतले ते १९७१ साली, इंग्लंडमध्ये. जेथे असे यंत्र जवळपास नाही, तेथे डोकेदुखी आणि झटक्यांनी दगावलेल्या माणसाच्या गाठीची नोंद होणार कशी? शिवाय नोंदीचे नियमही निरनिराळे. अमेरिकेत मेंदूतील सौम्य, म्हणजे कर्करोग नसलेल्या, गाठींचीही नोंद २००४ पासून सक्तीची झाली. अनेक देशांत त्या धरतच नाहीत. आपल्याकडे ग्रामीण भागातील पहिली नोंदवही १९८७ साली बार्शीला सुरू झाली, आणि तिचे कार्यकर्ते रुग्णांच्या शोधात गावोगाव जाऊ लागले. दवाखान्यात बसून हे काम होत नाही.

पण सगळाच फरक मोजणीचा नव्हे. जननपेशींपासून उद्भवणारी मेंदूतील अर्बुदे जपानी मुलांत पाश्चात्त्य मुलांपेक्षा कितीतरी अधिक आढळतात, आणि स्कॅनची यंत्रे तर दोन्हीकडे भरपूर आहेत.