शिकाऊ म्हणजे वेठबिगार नव्हे!

कोल्हापुरातून पुण्याच्या कंपन्यांत ‘इंटर्न’ म्हणून गेलेली आपली मुले रात्री उशिरापर्यंत राबतात. बोलले की प्रमाणपत्र अडते! २०२४ साली पुण्यात नोकरीला लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल तरुणी दगावली. अतिकामाचा आरोप तिच्या आईने केला.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला. मात्र शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ चे कलम १८ शिकाऊला कामगार मानत नाही. कराराविना राबणाऱ्याला तर त्या कायद्याचाही आधार नाही.

महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मात्र प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. तासांबाबत तसेच संरक्षण का नको? तोवर आमचे सांगणे एकच : करार, कामाचे तास, विद्यावेतन, सारे लेखी घ्या!