सावलीतली वीज

यान वीज किती बनवते यापेक्षा किती साठवते, हा खरा प्रश्न. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण 90 मिनिटांत पृथ्वीला फेरी घालते आणि त्यातली 35 मिनिटांपर्यंत सावलीत असते; त्यामुळे उन्हातल्या विजेचा मोठा वाटा बॅटऱ्या भरण्यात जातो. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्क्यांचे दुखणे हेच: वारा पावसाळ्यात भरपूर, एरवी बेभरवशाचा. मागणी वाढली की साठवलेल्या पाण्यावरचा 1,960 मेगावॅटचा कोयना प्रकल्प धावून येतो. (त्या पाण्यावर सांगलीच्या शेतीचाही हक्क आहे, यानाच्या बॅटरीला ती कटकट नाही.) मग यानासाठी सतत उन्हातली कक्षाच का निवडू नये? 2012च्या रिसॅट-1 या भारतीय उपग्रहासाठी जवळपास तशीच निवडली होती. पण अशा कक्षेतही वर्षातला काही काळ यान पृथ्वीच्या सावलीत शिरते, म्हणून बॅटरी न्यावीच लागते.