वासाने डास पळतो, पण किती वेळ?

पावसाने उघडीप दिली की आठ-पंधरा दिवसांत दवाखान्यातली गर्दी बदलते. सर्दी-पडशाचे पेशंट कमी होतात आणि सणकून ताप, अंगदुखी, डोळ्यांच्या मागे ठणका अशा तक्रारी सुरू होतात. एका घरातून एक आला की दोन दिवसांनी त्याच घरातला दुसरा येतो. या दिवसांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. "डॉक्टर, बाजारातल्या त्या केमिकलपेक्षा आपलं निंबाचं, निलगिरीचं तेल बरं नाही का?" याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून आजचा लेख.

डासांमध्ये चावते ती फक्त मादी. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागते. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास आणि अंगाची ऊब यांच्या मागावर ती येते. सिट्रोनेला (गवती चहाच्याच कुळातले एक गवत), निलगिरी, लवंग यांच्या तेलांचा उग्र वास तिचा हा माग चुकवतो. अंगाला लावलेल्या तेलाने डास मरत नाहीत, ते फक्त काही वेळ दूर राहतात.

मेख आहे ती या 'काही वेळ'मध्ये. सुगंधी तेल हवेत उडते म्हणूनच त्याचा वास येतो. घरभर घमघमाट सुटला याचा अर्थ अंगावरचे तेल संपत चालले. २००२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकन वैद्यकीय साप्ताहिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात माणसांनी औषध लावलेले हात डासांच्या पिंजऱ्यात घातले आणि पहिला चावा किती वेळाने बसतो ते मोजले. सुमारे २४ टक्के डीट हे रसायन असलेल्या औषधाने पाच तास संरक्षण दिले, सोयाबीन तेलाच्या औषधाने दीड तास, तर सिट्रोनेलाची औषधे वीस मिनिटेही टिकली नाहीत. मनगटाला बांधायच्या पट्ट्यांनी तर अर्धा मिनिटही नाही! हे पट्टे आपल्याकडे शाळकरी मुलांच्या हातात सर्रास दिसतात. पैसे वाया, दुसरे काय.

कडुनिंबाच्या तेलाची गोष्ट थोडी निराळी. ते असे भरकन उडत नाही. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९३ साली खोबरेल तेलात २ टक्के निंबतेल मिसळून पाहिले, तेव्हा मलेरियाचा डास रात्रभर दूर राहिल्याचे त्यांना आढळले. पण मलेरियाचा अ‍ॅनोफिलीस चावतो रात्री. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन-तीन तासांत. आपण तेल लावतो झोपताना, आणि मूल चावून घेते सकाळी शाळेच्या बाकाखाली, अर्ध्या चड्डीत. हा डास जन्मतोही गटारात नव्हे तर घरातल्या स्वच्छ पाण्यात. रांजण, पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर, परसातल्या करवंट्या ही त्याची घरे. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, आतून घासून कोरडी करायची. घासणे महत्त्वाचे, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. आमच्याकडे पाणी चार दिवसांनी येते, ते साठवल्यावाचून गत्यंतर नाही हे मला ठाऊक आहे. मग निदान पिंपाच्या तोंडाला घट्ट कापड बांधा.

तेल लावायचेच असेल तर मोठ्यांनी खुशाल लावावे, मात्र खोबरेल तेलात पातळ करून, आधी कोपराजवळ थोडे लावून पुरळ येते का ते पाहून, आणि दर अर्ध्या तासाने पुन्हा. घरात तापाचा पेशंट असेल तेव्हा मी डीटचे क्रीमच सांगतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला यातले काहीच नको. त्याला मच्छरदाणी, आणि तीही दिवसा झोपतानासुद्धा.

मला खरी काळजी वाटते ती एका नव्या खटाटोपाची. डासांच्या मशीनची रिकामी बाटली घ्यायची, तीत निंबतेल, कापूर, कुणी वर रॉकेलही घालून पुन्हा लावायची. दोन वर्षांपूर्वी एक बाई दीड वर्षाच्या मुलाला कडेवर घेऊन धावत आल्या. "डॉक्टरसाहेब, नुसतं कापराचं तेल आहे हो, देवापुढचाच कापूर, त्यानं काय होतंय?" त्यांचे बोलणे पुरे होईस्तोवर मुलाला झटका आला. इंजेक्शन देऊन जिल्हा रुग्णालयात पाठवले, तिथे तो दोन दिवसांनी सावरला. कापूर आणि निलगिरीचे तेल चमचाभर पोटात गेले तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. निंबतेल पाजल्याने तान्ही मुले दगावल्याच्याही नोंदी आहेत. बाळाच्या नाकाजवळ कापूर किंवा निलगिरी चोळू नये, श्वास अडकू शकतो.

असे तेल मुलाच्या पोटात गेलेच तर उलटी काढण्यासाठी घशात बोटे घालू नका, मिठाचे पाणी पाजू नका. तसेच उचलून जवळच्या रुग्णालयात आणा, आणि ती बाटली बरोबर घ्यायला विसरू नका.