वाद्यपथकांची नावे आणि टोपणनावे : एक सांस्कृतिक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या लोकजीवनात चर्मवाद्यांना महत्त्वाचे स्थान आहे. लग्नाची वरात, पोळ्याची मिरवणूक, कुस्तीचा फड, देवीचा गोंधळ आणि गणेशविसर्जन हे सर्व प्रसंग वाद्याविना अपुरे मानले जातात. या वाद्यांचा सांगीतिक अंगाने बराच अभ्यास झालेला आहे. परंतु वाजविणाऱ्या समूहाला लोक कोणत्या नावाने हाक मारतात, समूह स्वतःला काय म्हणवितो आणि त्यातील घटकांना कोणती नावे पडतात, या प्रश्नांकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. नाव देण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि तो आज कोणाकडे आहे, या दृष्टीने या नावांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इतरांनी दिलेली नावे

बलुतेदारीच्या व्यवस्थेत वादन ही कला असली, तरी व्यवहारात ते गावकीचे एक काम होते. गुरव देवळात वाजवीत असे. मातंग समाजातील वादक हलगी व सनई घेऊन मिरवणुकीपुढे चालत. या वादकांच्या समूहाला स्वतंत्र नाव नसे. ‘वाजंत्री’, ‘ताफा’, ‘बाजा’ अशा सामान्यनामांमागे गावाचे, नाही तर जातीचे नाव जोडले की ओळख पूर्ण होई. म्हणजेच नाव होते, पण ते ज्याचे त्याने घेतलेले नव्हते.

वादकाविषयीचा हाच दृष्टिकोन भाषेतही उमटलेला आहे. ‘स्वतःची टिमकी वाजविणे’, ‘डांगोरा पिटणे’, ‘झील ओढणे’ हे वाक्प्रचार पाहिले असता वाद्याशी संबंधित शब्द बहुधा उणेपणाच्या अर्थाने वापरले गेल्याचे दिसून येते. गोंधळात मुख्य गायकाचे शेवटचे शब्द उचलून धरणारा झीलकरी हा वस्तुतः गायनाचा आधार होय; वाक्प्रचारात मात्र तो दुसऱ्याच्या होला हो म्हणणारा ठरला.

स्वतः घेतलेली नावे

पुण्यातील गणेशोत्सवात पूर्वी मावळातील गावांची ढोलपथके येत असत. पुढे ज्ञान प्रबोधिनी (स्थापना १९६२) सारख्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्यांची पथके उभी केली. गणवेश, सराव आणि शिस्त यांमुळे या वादनाला नवे रूप प्राप्त झाले. ‘पथक’ हा शब्दच लक्षणीय आहे. मराठेशाहीत सरदाराच्या हाताखालील घोडदळाच्या तुकडीस पथक म्हणत. ‘ताफा’ सोडून ‘पथक’ म्हणविणे म्हणजे सेवेकऱ्याची ओळख टाकून सैनिकाची ओळख स्वीकारणे होय.

या पथकांच्या नावांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात. ‘शिवगर्जना’, ‘रुद्रगर्जना’, ‘नादब्रह्म’ ही पराक्रम, दैवत व नाद यांवरून घेतलेली नावे होत. ‘रमणबाग’ हे नाव शाळेवरून व परिसरावरून आले आहे. नाट्य-चित्रपटसृष्टीतील वादकांचे ‘कलावंत’ हे पथक व्यवसायावरून ओळखले जाते. पहिल्या वर्गातील भारदस्त शब्दांची निवड केवळ हौसेपोटी झालेली नाही. ज्या भाषेत टिमकी ही फुशारकीची खूण ठरते, त्या भाषेत वादकांनी स्वतःसाठी ‘गर्जना’ हा शब्द निवडावा, यात त्या जुन्या उणेपणाला दिलेले उत्तर दिसते.

नाव कधीकधी दूरच्या लोकांकडूनही मिळते. केरळमध्ये उत्सवांत व मिरवणुकांत वाजणारा ढोलांचा प्रकार ‘नाशिक ढोल’ या नावाने सर्वपरिचित आहे. तेथे वाजविणारे स्थानिक असतात. नाव मात्र महाराष्ट्रातील एका शहराचे असते. येथे गावाचे नाव हीनत्वाचे नसून शैलीची ओळख बनले आहे.

पथकांतर्गत विभागांची नावे

पथकाचे नाव फलकासाठी असते. विभागांची नावे कामासाठी असतात. म्हणून ती लहान, नादानुकारी आणि नेमकी असतात. ढोल ज्या काठीने वाजवितात ते ‘टिपरू’, हाताने मारावयाची ती ‘थाप’ आणि ताशाच्या काड्यांतून उमटणारी सलग झड ती ‘तर्री’. हलगीसोबत ‘घुमकं’ व ‘कैताळ’ असतात. त्यांपैकी ‘घुमकं’ हे नाव त्याच्या घुमण्यातून आले, हे उघड आहे. ही शब्दसंपत्ती पुस्तकातून आलेली नसून पिढ्यान्‌पिढ्या वाजविणाऱ्या हातांनी घडविली आहे.

हीच प्रवृत्ती इतरत्रही आढळते. १८४५ पासून गिरमिटिया मजूर म्हणून त्रिनिदादला गेलेल्या भारतीयांनी ताशा तेथे नेला. तेथे तो ‘तासा’ झाला. त्यातील प्रमुख ताशा ‘कटर’, त्याला भरीव साथ देणारा ‘फुले’, सोबत ‘बेस’ व ‘झांज’ अशी कामानुसार नावे आहेत. अमेरिकेतील ड्रम कोअरमध्ये चालत वाजविणाऱ्या विभागास ‘बॅटरी’ म्हणतात. हा शब्द मारणे या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून आला असून तोफखान्यातही तोच रूढ आहे. पुढे एका जागी राहून वाजविणारा विभाग ‘पिट’, म्हणजे खड्डा. तेथील ‘कॅव्हेलियर्स’ या समूहास हिरव्या गणवेशामुळे ‘ग्रीन मशीन’ हे टोपणनाव पडले. लष्करी भपक्याचे शब्द बाहेर आणि कामाचे साधे शब्द आत, ही रचना सातासमुद्रापलीकडेही दिसते.

नावाचा सामाजिक अर्थ

टोपणनाव प्रेमाचे असू शकते, तसेच जखमेचेही. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ मध्ये २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, या समाजांतील व्यक्तीस सार्वजनिक दृष्टीच्या ठिकाणी जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. वस्तीचे नाव शासननिर्णयाने बदलते. वाद्यसमूहाचे नाव मात्र वाजविणाऱ्यांनी स्वतः बदलावे लागते.

येथे एक विसंगती लक्षात घेणे आवश्यक आहे. शहरी पथकांना प्रतिष्ठा मिळाली, परंतु ज्या परंपरागत वादकांकडून वादनाचे संस्कार आले, त्यांचे ऋण नव्या नावांत क्वचितच दिसते. ‘गर्जना’ फलकावर आली. हलगी शेकून तिचे कातडे ताणणारा हात अनामिकच राहिला.

समारोप

गेवराई तालुक्यातील उमापूर व परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी, समाजशास्त्र व इतिहास विभागांना या विषयात मोलाचे काम करता येईल. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात प्रत्येक वाद्यसमूहाबाबत चार गोष्टी नोंदवाव्यात : फलकावरील नाव, लोकांच्या तोंडचे नाव, ते कोणी दिले आणि वादकांना स्वतःला कोणते नाव आवडते. चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. अवमानकारक नावांची नोंद अभ्यासासाठी ठेवावी, मात्र ती व्यक्तीशी जोडून प्रसिद्ध करू नये. वाद्यांच्या भागांचे व वादनप्रकारांचे स्थानिक शब्दही वादकांच्या उच्चाराप्रमाणे लिहून घ्यावेत. परंपरागत वादकांची संख्या घटत असताना हे शब्दही त्यांच्याबरोबर लोपण्याची भीती आहे. वाद्य संग्रहालयात जतन करता येते. वाजविणाऱ्याने त्याला दिलेले नाव मात्र वेळीच विचारून घ्यावे लागते.